‘ॲमस्टरडॅम’ जहाजावरील एक दुपार

चिरंजीवांकडे ॲमस्टरडॅमला जाण्याचा योग गेल्या जून महिन्यात आला. त्या दिवसांत तिथे सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो, त्यामुळे चौविहार करणाऱ्या सौभाग्यवतींची चांगलीच सोय झाली. एरवी परदेशात संध्याकाळच्या जेवणाची जी ओढाताण होते ती झाली नाही. कालवे, पवनचक्क्या, आणि बेल्जियममध्ये अँटवर्पजवळचे संगमरवरी जिनालय, यांविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. मी एका जहाजाविषयी लिहिणार आहे. हे जहाज समुद्रावर जात नाही, जाण्यासाठी ते बांधलेलेही नाही. ते धक्क्याला बांधून ठेवलेले आहे आणि लोक तिकीट काढून त्यावर चढतात.

मुख्य रेल्वे स्थानकातून बाहेर पडून पूर्वेकडे पाण्याच्या कडेने पंधरा मिनिटे चालले की एक चौकोनी, भक्कम, पांढरी इमारत लागते. 1656 मध्ये डच आरमाराचे कोठार म्हणून ती बांधली गेली. तोफा, शिडे, दोरखंड यांचा साठा तिथे असे. आज तिथे नौकानयनाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे आणि त्याच्या धक्क्याला ‘ॲमस्टरडॅम’ उभे आहे. लांबी 48 मीटर, तीन डोलकाठ्या, 42 तोफांची जागा. पिछाडीवर दोन मोठ्या मूर्ती कोरलेल्या आहेत. एक समुद्रदेव नेपच्यून आणि दुसरा व्यापाराचा देव मर्क्युरी. व्यापाऱ्यांचा देव आणि चोरांचा देव रोमन लोकांत एकच होता, अशी माहिती चिरंजीवांनी हसत हसत पुरवली. मी ती त्या वेळी कानाआड केली.

मूळ जहाज 1748 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत तयार झाले. वादळी हवेमुळे दोनदा परत फिरावे लागल्यानंतर 8 जानेवारी 1749 रोजी ते टेक्सेल बेटापासून बटाविया, म्हणजे आजच्या जाकार्ताकडे, निघाले. त्यावर सुमारे 335 माणसे होती. 200 च्या आसपास खलाशी, सव्वाशेच्या वर सैनिक आणि मोजके प्रवासी. कप्तान विलेम क्लुम्प अवघा 33 वर्षांचा. इंग्लिश खाडीतच जहाजाचे सुकाणू तुटले. आत रोगाची साथ पसरली, सुमारे 50 जण दगावले, उरलेल्यांनी बंड केले. शेवटी 26 जानेवारीला इंग्लंडच्या हेस्टिंग्जजवळ कप्तानाने जहाज किनाऱ्यावर चढवले. आशियाची वाट आठ महिन्यांची. हे जहाज तीन आठवडेसुद्धा चालले नाही. माल वाचवण्याऐवजी खलाशांनी दारूची पिंपे फोडली, आणि गावकऱ्यांनी हाताला लागेल ते लांबवले. चांदीच्या 27-28 पेट्या मात्र बहुतेक सुरक्षित निघाल्या. मग जहाज मऊ चिखलात इतक्या वेगाने रुतले की ते पुन्हा वर काढणे कोणालाच जमले नाही. आजही मोठ्या ओहोटीला त्याच्या फासळ्या वाळूतून डोकावतात. 1969 मध्ये यंत्राने तिथे खोदकाम करताना आतल्या वस्तू वर आल्या आणि जगाचे लक्ष पुन्हा तिकडे गेले. त्यानंतर ॲमस्टरडॅमच्या नागरिकांना वाटले की आपल्या नावाचे जहाज आपल्या बंदरात असावे. 1985 ते 1990 या काळात सुमारे 400 स्वयंसेवकांनी ही प्रतिकृती उभी केली.

मी आडत्या माणूस. नगरच्या आडते बाजारात आमची तिसरी पिढी मिरची, हळद, धने यांचा ठोक व्यापार करते. त्यामुळे जहाजावर पाऊल ठेवताच माझ्या मनात आले की या प्रवासाला भांडवल कोणी घातले आणि बुडाल्यावर नुकसान कोणी सोसले? कंपनीची स्थापना 20 मार्च 1602 ची. ॲमस्टरडॅमच्या शाखेत 1,143 जणांनी पैसे घातले, एकूण भांडवल सुमारे 64 लाख गिल्डर. त्यांत धनिक होते तसे अगदी छोट्या रकमा घालणारेही होते. पूर्वी प्रत्येक सफरीचा हिशेब सफर संपताच मिटवत आणि भांडवल वाटून टाकत. या कंपनीत भांडवल परत मिळत नसे. पैसे हवे असतील तर आपला वाटा दुसऱ्याला विकायचा. शेअर बाजाराचा उगम इथे आहे. 1610 मध्ये पहिला लाभांश रोख न देता जायपत्री आणि मिरीच्या रूपात दिला गेला, हे वाचून मला आमच्या पेढीवरचा एक जुना प्रसंग आठवला. उधारी फेडायला पैसे नसलेल्या गिऱ्हाईकाने वडिलांना धन्याची पोती आणून दिली होती.

आमच्याकडे या प्रश्नाचे उत्तर निराळे होते. दादाजींच्या तिजोरीत जुन्या हुंड्यांचे एक पुडके असे. दर्शनी, मुदती, शहाजोग अशा सगळ्या तऱ्हा ते समजावून सांगत, पण त्यांचा सर्वांत आवडता विषय जोखमी हुंडी. मालधनी बंदरात माल चढवतो आणि पलीकडच्या बंदरातल्या घेणाऱ्यावर हुंडी लिहितो. ती विकत घेणारा आज रोख मोजतो. माल सुखरूप पोहोचला तर पूर्ण रक्कम वसूल करतो. जहाज बुडाले तर हुंडीही बुडाली, कोणाकडे मागणे नाही. कर्ज आणि विमा एकाच चिठ्ठीत. हुंडी किती कमी भावाने घ्यायची यात व्याज, ऋतू, नाखव्याची पत, चाच्यांची भीती असे सगळे मोजलेले असे. दादाजी म्हणत की जोखमी हुंडी घेणारा माणूस झोपताना वाऱ्याचा आवाज ऐकतो.

सुरतेचे वीरजी व्होरा असे वारे ऐकणाऱ्यांपैकी होते. सतराव्या शतकातले हे जैन श्रेष्ठी. त्या काळच्या नोंदींत त्यांची मालमत्ता 80 लाख रुपयांची सांगितली आहे. मिरी, पोवळी, मसाले यांची घाऊक खरेदी करून ते भाव आपल्या हातात ठेवत. इंग्रज आणि डच दोन्ही वखारी त्यांच्याकडून कर्ज घेत, आणि त्यांच्याविषयी कुरकुरतही. आपल्या भागातील स्थानकवासी घरांना त्यांची ओळख वेगळ्या नात्याने असेल. क्रियोद्धारक लवजी ऋषी हे परंपरेनुसार त्यांच्या कन्येचे पुत्र, आणि नगरची भूमी ज्यांच्यामुळे पुण्यवान झाली त्या आचार्य आनंदऋषीजींचा ऋषी संप्रदाय लवजी ऋषींपासूनचा. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांची सुरतेवर स्वारी झाली तेव्हा व्होरांची हवेलीही लुटली गेली, आणि शेजारच्या डच वखारीतून ती हकीकत लिहून पाठवली गेली. कंपनीच्या कागदांची तिथे एवढी आस्था की आज हेगच्या अभिलेखागारात त्यांनी एक किलोमीटरहून अधिक लांबीच्या फळ्या व्यापल्या आहेत. व्होरांच्या वह्या कुठे गेल्या? मुनिमांनी जाळल्या, वाळवीने खाल्ल्या की रद्दीत गेल्या? त्यांच्याविषयी आपण जे जाणतो ते बहुतांशी त्यांच्या कर्जदारांच्या दप्तरांतून जाणतो. धनकोचा इतिहास ऋणकोने लिहावा, ही गोष्ट मला त्या धक्क्यावर उभा असताना फार लागली.

आता जहाजाच्या आत येऊ. कप्तानाची खोली ऐसपैस आहे. लाकडी तक्तपोशी, मोठ्या खिडक्या, जेवणाचे मेज. तिथून एक जिना उतरला की उजेड कमी होतो. तोफांचा मजला येतो. दोन तोफांच्या मधल्या जागेत माणसे जेवत आणि तिथेच टांगलेल्या झोळ्यांत झोपत. डोके वाकवून चालावे लागते. त्याहून खाली माल ठेवण्याची जागा आहे, पिंपे, पेट्या, गाठोडी. युरोपातून नेण्यासारखा माल फारसा नव्हताच. आपल्याकडच्या सुती कापडाला तिथे मागणी होती. त्यांच्या मालाला इथे नव्हती. म्हणून चांदी भरून न्यायची आणि कापड, मिरी, मसाले आणायचे. कोकणात वेंगुर्ल्याला त्या कंपनीची वखार होती, तिच्या भिंती अजून उभ्या आहेत. आपल्यापैकी जे सावंतवाडीकडे जातात त्यांनी वाट वाकडी करून त्या पाहाव्यात.

मसाल्याच्या व्यापाऱ्याला एक गोष्ट सांगणे भाग आहे. जायफळ त्या काळी जगात फक्त बांदा बेटांवर होत असे. 1621 मध्ये कंपनीचा गव्हर्नर यान पीटरझोन कून याने ती बेटे जिंकली आणि तिथल्या अंदाजे 15,000 लोकांपैकी थोडकेच उरले. बाकीचे मारले गेले, उपाशी मेले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. मग बागा राखायला बाहेरून गुलाम आणले. आमच्या दुकानात जायफळाची बरणी आहे. मी ती चाळीस वर्षे हाताळली, पण हा इतिहास मला साठीनंतर कळला.

सैनिकांच्या मजल्यावर आम्ही बराच वेळ थांबलो. सौभाग्यवती तोवर वर उन्हात खाकऱ्याचा डबा उघडून बसल्या होत्या. चिरंजीव म्हणाले, “पप्पा, इथे कोण लोक असत माहीत आहे? बहुतेक गरीब, परगावची, कितीतरी जर्मन मुलुखातून आलेली पोरे.” आणि त्यांनी जे सांगितले ते ऐकताना मी माझ्याही नकळत एका पिंपावर बसलो.

असा मुलगा कामाच्या शोधात ॲमस्टरडॅमला येई. खिशात काही नसे. एखादा खानावळवाला त्याला ठेवून घेई, खाऊपिऊ घाली, आणि कंपनीची भरती निघेपर्यंत उधारी वाढत जाई. भरती झाली की कंपनी त्या मुलाच्या नावावर 150 गिल्डरपर्यंतची एक चिठ्ठी देई, ती खानावळवाल्याच्या हाती. सैनिकाचा पगार महिन्याला 9 गिल्डरच्या आसपास आणि करार पाच वर्षांचा. तो जसजसा कमवी तसतशी चिठ्ठीची रक्कम त्याच्या पगारातून वळती होई. प्रत्येक माणसाचे कंपनीच्या वहीत स्वतंत्र पान असे, डावीकडे नावे, उजवीकडे जमा. खानावळवाल्याला एवढी वर्षे थांबणे परवडत नसे, म्हणून तो चिठ्ठी बऱ्याच कमी भावाने दुसऱ्याला विकी. भाव कमी का? कारण माणूस वाटेत मेला, आणि पुष्कळ मरत, तर त्याने तोवर जेवढे कमावले असेल तेवढेच मिळे. उरलेली चिठ्ठी संपली.

मी लगेच म्हणालो, “म्हणजे जोखमी हुंडीच की.”

“हो. फक्त माल म्हणजे माणूस.” डच भाषेत अशा चिठ्ठीला ‘सेल’ म्हणत आणि आत्म्याला ‘झील’. त्यामुळे चिठ्ठ्या विकणाऱ्यांना लोक ‘आत्मे विकणारे’ म्हणू लागले, असे त्यांनी सांगितले.

आपण प्रतिक्रमणात पंधरा कर्मादाने म्हणतो. त्यांत केशवाणिज्य येते, केस असलेल्यांचा, म्हणजे माणसांचा आणि जनावरांचा व्यापार. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाने आपली गाडी, नांगर, नौका अशी सगळी परिमाणे ठरवून घेतली, तिथेच ही यादीही आहे. मी ती लहानपणापासून पाठ म्हणत आलो आहे. हस्तिदंत आम्ही विकत नाही, लाख विकत नाही, विष विकत नाही. केशवाणिज्य तर आमच्या स्वप्नातही नाही, अशी माझी खात्री होती.

चिरंजीव थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “पप्पा, इथे माणूस मेला की चिठ्ठी संपत असे. मग आपल्या त्या हमालकाकांची उचल का नाही संपली?”

हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना उचल म्हणजे काय ते सांगायला नको. तरी सांगतो. आमच्या गोदामावर पाथर्डीकडचा एक हमाल होता. पंधरा वर्षे त्याने आमची पोती वाहिली. बहिणीच्या लग्नाला त्याने उचल घेतली होती. 2009 च्या उन्हाळ्यात तापाचे निमित्त होऊन तो गेला. त्याच्या तेराव्याला मी गेलो, 5,000 रुपये दिले, आणि महिन्याभराने त्याचा धाकटा भाऊ आमच्याकडे कामाला आला. उचल त्याच्या मजुरीतून वळती होऊ लागली. यात मला काही वावगे वाटले नव्हते. बाजारात सगळीकडे हेच चालते. ऊसतोडीच्या टोळ्यांत तर याहून कठोर चालते. भाऊ स्वतःहून आला होता. आणि उचल अशी बुडू दिली तर उद्या कोणी कोणाला उचल देईल का? हे सगळे मी जहाजाच्या तळाशी, आजूबाजूला परदेशी शाळेची मुले हुंदडत असताना, जरा मोठ्याने सांगितले. “तुला पेढीतले काय कळते?” असेही म्हणालो. आमचा हा मुलगा पेढीवर बसायला तयार नाही. त्याच्या तिकडच्या नोकरीचे दुःख माझ्या मनात सात वर्षांचे आहे, ते सगळे त्या एका वाक्यात आले.

तो काहीच बोलला नाही. आम्ही वर आलो. सौभाग्यवतींनी चेहरे पाहून विचारले, मी सांगितले. त्यांनी डब्याचे झाकण लावले आणि म्हणाल्या, “तेव्हा मीही हेच विचारले होते. तुम्ही म्हणालात, पेढीतले तुला काय कळते.”

उरलेली दुपार मी डोलकाठीवरून खाली आलेले दोर पाहत काढली. किती दोर असतात! प्रत्येकाला वेगळे नाव, वेगळे काम. एका खांबाशी सगळे येऊन गुंडाळलेले. स्वयंसेवकांनी ते बारकाईने केले आहेत, एवढे मला अडाण्यालाही कळत होते. जहाजाचे बाकी सगळे नवे आहे आणि ते नवे आहे हे लपवलेलेही नाही. एका बाबतीत मात्र ही प्रतिकृती मूळच्यासारखी मुळीच नाही. इथे वास नाही. तीनशेपस्तीस माणसे, डुकरे, कोंबड्या, खारवलेले मांस, आजारी माणसांच्या झोळ्या, यांचा वास लाकडात मुरलेला असता तर वरच्या मजल्यावर खाकरा खाणे कोणाला जमले नसते.

परत आल्यावर दोन महिने मी काही केले नाही. हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पर्युषण आले. संवत्सरीला आपण चौऱ्याऐंशी लाख जीवयोनींना खमवतो, त्यात अडचण आली नाही. अडचण एका माणसाची होती. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून 2009 ची वही काढली. हमालाचे पान सापडले. उचल 38,000. त्याच्या नावाखाली एक रेघ ओढलेली, आणि रेघेखाली भावाचे नाव, अक्षर माझेच. दरमहा 1,300 प्रमाणे 29 हप्ते आणि शेवटचा 300 चा. अडीच वर्षे. पान पुरे झाल्यावर ‘चुकते’ असा शेरा.

मी व्याजासह हिशेब केला, धनादेश लिहिला आणि वही घेऊन त्या गावी गेलो. भाऊ आता स्वतःचा टेम्पो चालवतो. त्याने ओळखले, खाट टाकली, चहा विचारला. मी चहा घेत नाही हे त्याच्या लक्षात होते, त्याने पाणी उकळून आणायला सांगितले. मी कशासाठी आलो ते सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “शेठ, मी तेव्हा बारावीला होतो.” हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक करून घेतले नव्हते.

धनादेश वहिनीच्या नावाने हवा, असे तो म्हणाला. मी तो फाडून दुसरा लिहिला. मग त्याने वही मागितली. पान गुडघ्यावर घेऊन, बोट ठेवत ठेवत एकेक हप्ता वाचला. तिसाव्या ओळीशी थांबला.

“दोन दिवाळ्यांची बक्षिसी, 500 आणि 500, तुम्ही उचलीतच धरतो म्हणाला होतात,” तो म्हणाला. “ती इथे नाही.”

मी पान पाहिले. नव्हती. मी पुन्हा पेन काढले.